न चाखता शिजवलेलं बायसन: दोह्यातले दहा दिवस

माझा धाकटा भाऊ मंदार व्हिडिओ कॉल करायचा तेव्हा फोन इतका उंच धरायचा की आम्हाला त्याचं कपाळ, डोळे आणि छतावरचा दिवा एवढंच दिसायचं. गाल दिसायचे नाहीत. आईने हे तीन-चार महिने पाहिलं आणि एक दिवस मला म्हणाली, "वैशाली, तू जाऊन बघून ये. हा मुलगा जेवत नाहीये."

मंदार चौतीस वर्षांचा, मेकॅनिकल इंजिनिअर, अजून एकटाच. कतारमध्ये वर्ल्ड कपसाठी जी स्टेडियमं उभी राहत होती त्यातल्या एकावर नोकरीला. मी नाशिकला एका इस्पितळात आहारतज्ज्ञ. लोकांनी काय खावं हे सांगण्याचा मला पगार मिळतो, आणि पगाराबाहेरही मी ते सांगत असते. त्यामुळे घरातल्या कोणाचे गाल बसले की मोहिमेवर माझीच नेमणूक होते.

खरं तर मोहिमा दोन होत्या. सातपूरच्या एका कारखान्यात माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याने मंदारसाठी एक जागा धरून ठेवली होती. त्याचं दोह्यातलं काम वर्षभरात संपणार होतं. त्याला नीट खाऊपिऊ घालायचं, गालावर थोडं मांस आलं की हळूच नोकरीचा विषय काढायचा आणि होकार घेऊनच परतायचं, असा माझा बेत होता. आईला मी म्हणालेही, "आणतेच त्याला."

तुम्ही जाणार असाल तर कामाचं आधी सांगते. मुंबईहून दोहा साडेतीन-चार तास. भारतीयांना तेव्हा विमानतळावर उतरल्यावर व्हिसा मिळत होता, मात्र परतीचं तिकीट आणि राहण्याची सोय विचारत. हे नियम सारखे बदलतात, तेव्हा निघण्याआधी ताजे बघून घ्या. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. दिवसा आपल्या नाशिकच्या हिवाळ्यासारखी हवा, संध्याकाळी वारा सुटतो, तेव्हा एखादं जाकीट असू द्या. माझ्या बॅगेत जाकीट नव्हतं, कारण नाचणीचं पीठ, अळीव, मेतकूट, काळा मसाला आणि माझा डिजिटल वजनकाटा यांनी सगळी जागा खाल्ली होती. तपासणीवाल्या अधिकाऱ्याने काटा उचलून विचारलं, हे कशासाठी? मी म्हणाले, जेवण मोजण्यासाठी. माझे पेशंट पहिल्या दिवशी माझ्याकडे ज्या नजरेने बघतात त्याच नजरेने त्याने माझ्याकडे बघितलं आणि जाऊ दिलं.

बाहेर मंदार उभा होता. आईचं बरोबर होतं, गाल आत गेले होते. त्याची गाडी गॅरेजमध्ये होती म्हणून त्याने साइटवरच्या एका माणसाला बरोबर आणलं होतं. हा डॅरिल. पंचावन्नच्या आसपासचा, कॅनडातल्या आल्बर्टाचा, साइटवर सुरक्षेचं बघणारा, अंगाने दारातून तिरका यावा असा. (डॅरिलचं बोलणं मी इथे मराठीतच देते. माझं इंग्रजी त्याला जसं ऐकू गेलं असेल तसं छापायची माझी तयारी नाही.)

गाडीत डॅरिल म्हणाला, "तू पोषणतज्ज्ञ आहेस असं मंदार सांगत होता. मग तुला विचारतो. माझ्या फ्रीजरमध्ये बायसनचं मांस पडलंय, ब्रिस्केटचा तुकडा. इथल्या एका सुपरमार्केटात दिसलं, हलाल शिक्क्याचं आणि आमच्या आल्बर्टाहून आलेलं. गाववाला भेटल्यासारखं वाटलं म्हणून उचललं. दोन आठवड्यांनी मी कायमचा घरी चाललोय, त्याआधी ते खायचंय. बायसन तब्येतीला चांगलं, हे खरं का?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण कोणी पोषणाबद्दल विचारलं की माझ्या तोंडाचा नळ सुरू होतो. विमानतळापासून मंदार राहतो त्या अल अझीझियापर्यंत मी बोलत होते. बायसन म्हणजे अमेरिकेतल्या गवताळ माळावरचा तो केसाळ, वशिंडाचा प्राणी. त्याच्या मांसात चरबी कमी, शंभर ग्रॅमला वीसेक ग्रॅम प्रथिनं, शिवाय झिंक आणि बी-बारा. आणि लोह असं की जे पालकातल्यापेक्षा शरीराला कितीतरी सहज घेता येतं. जेवताना वर चहा मात्र प्यायचा नाही. डॅरिल मान डोलवत गाडी चालवत होता. शेवटी त्याने विचारलं, "आणि ब्रिस्केट शिजवायचं कसं?"

"हळूहळू," मी म्हणाले.

ते इतक्या आत्मविश्वासाने म्हणाले की डॅरिलने आरशात माझ्याकडे बघितलं. "मग ठरलं. मंदार मला जेवायला बोलावणारच होता. शुक्रवारी तुझ्या हातचं."

आता वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी, जी मी डॅरिलला सांगितली नाही. मी जन्मात मांस खाल्लेलं नाही आणि शिजवलेलंही नाही. आमच्या घरी अंडं उकडायचं तर गॅलरीत, वेगळ्या स्टोव्हवर, आणि त्या पातेल्याला घरात प्रवेश नाही. मंदार कॉलेजपासून बाहेर खातो, ते आईला माहीत आहे आणि माहीत नाही. मी वीस वर्षं पेशंटना मांसाचे आकडे सांगत आले ते पुस्तकातल्या तक्त्यावरून, जसं कोणी न पाहिलेल्या गावाचं बसचं वेळापत्रक सांगावं.

मंदारचा फ्लॅट एका खोलीचा. खिडकीतून ॲस्पायर क्रीडासंकुलाचा तो मशालीसारखा उंच मनोरा दिसतो. फ्रीज उघडला तर आत अंडी, चीज, खबूस म्हणजे इथली पातळ गोल रोटी, आणि मेयॉनेजची मोठी बाटली. ओव्हनमध्ये बुटांची खोकी होती.

"मंदार, तू रोज काय खातोस?"

"हेच. खबूसमध्ये अंडं. ताई, आल्या आल्या सुरू नको होऊस."

मी सुरू झालेच. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी डब्यात भाकरी, रात्री मऊ भात. तो मुकाट्याने खायचा, "छान आहे" म्हणायचा आणि ताटात थोडं टाकायचा. नोकरीचा विषय मी दोनदा काढायला गेले आणि दोन्ही वेळा त्याला नेमका साइटवरून फोन आला.

तो कामावर गेला की मी फिरायला मोकळी. अल अझीझियाहून मेट्रोची सोनेरी लाइन निघते, नवी कोरी, एका फेरीला दोन रियाल. डब्यात इतकी शांतता की मी पिशवीतला शेंगदाण्याचा लाडू काढला तेव्हा कागदाच्या आवाजाने तिघांनी वळून पाहिलं. नंतर कळलं की गाडीत खायला मनाईच आहे. अल सद्दला मंदारच्या ओळखीच्या मंजिरीवहिनी राहतात, मूळच्या पुण्याच्या, यजमान गॅस कंपनीत. त्यांनी मला गाडीतून सगळं दोहा दाखवलं. जिकडे बघावं तिकडे क्रेन, खणलेले रस्ते, वळवलेले रस्ते आणि पुन्हा वळवलेले रस्ते. "काल इथे वळण नव्हतं," हे वाक्य वहिनी दर सिग्नलला म्हणायच्या. समुद्रकाठच्या रस्त्यावर चाला, सूक वाकिफच्या बाजारात संध्याकाळी जा, आणि टपरीवरचा करक चहा, म्हणजे आपला दुधाचा कडक वेलची चहा, गाडीत बसूनच मागवा. हॉर्न दिला की पोरगा येतो. पुण्यात असा हॉर्न दिला तर वेगळाच माणूस येईल.

वहिनींची दहा वर्षांची ईरा मागच्या सीटवर. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. शुक्रवारचा बेत ऐकून तिने विचारलं, "मावशी, इज बायसन अ काउ?"

"नाही गं," मी म्हणाले.

"बट इट लुक्स लाइक अ काउ विथ अ कोट."

हा प्रश्न मलाही आदल्या रात्रीपासून छळत होता. घरी आल्यावर मी मंदारला विचारलं. तो म्हणाला, "गाय नाही, ताई. वेगळा प्राणी आहे."

"पण कुळ एकच ना?"

"कुळ एकच. आपल्या गव्याच्या नात्यातला म्हण." मग थांबून म्हणाला, "तुला जमणार नसेल तर राहू दे. मी हॉटेलात शिजवायला देतो. डॅरिलला वाईट वाटणार नाही."

मी विचार केला. मला खायचं नव्हतंच. पण मंदार गेल्या चार दिवसांत पहिल्यांदाच कुठल्या तरी जेवणाची वाट बघत होता. मी म्हणाले, "खाणारे तुम्ही. मी फक्त शिजवते. आईला काय सांगायचं ते विमानात ठरवीन."

बुधवारी डॅरिल ते आणून देऊन गेला. शाळेच्या दप्तराएवढा गोठलेला तुकडा. दोन दिवस फ्रीजमध्ये हळूहळू वितळू द्यायचा असतो, बाहेर ओट्यावर नाही, हे मला ठाऊक होतं. पण आपलं दही त्याच्या वर ठेवायचं की खाली, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. शेवटी माझं दही, भाजी आणि कणीक वरच्या कप्प्यात गेलं, मध्ये एक आख्खा कप्पा रिकामा ठेवला आणि त्याखाली बायसन. मंदारने फ्रीज उघडून बघितलं. "मधला कप्पा कोणाचा?" त्याने विचारलं. मी फ्रीजचं दार लावून टाकलं.

त्या दोन दिवसांत मी बसून वाचलं, आणि जसजसं वाचत गेले तसतसं गाडीतलं माझं भाषण आठवून कानशिलं तापायला लागली. बायसनच्या कमी चरबीचे ते आकडे निव्वळ लाल मांसाचे होते. ब्रिस्केट म्हणजे छातीचा भाग, मटणवाले ज्याला सीना म्हणतात. त्याच्यावर चरबीचा थर असतो, तो काढला तर आकडे खरे, ठेवला तर नाहीत. आणि हा भाग जनावराचं वजन पेलतो, त्यामुळे चिवट धाग्यांनी भरलेला. ते धागे मंद आचेवर, ओलाव्यात, कितीतरी तासांनी विरघळून मऊ होतात. घाई केली की मांस आवळून बसतं. पोसलेल्या गुरांच्या मांसात आतल्या चरबीमुळे थोडी चूक चालून जाते. बायसनमध्ये ती चरबीच नाही, म्हणून चूक चालत नाही. पहिल्यांदा शिजवणाऱ्या शाकाहारी बाईने नेमका हा तुकडा अंगावर घेतला होता.

शुक्रवारी सकाळी लवकर उठून, नाकाला ओढणी बांधून मी कामाला लागले. इथे शुक्रवार सुट्टीचा, दुपारच्या नमाजापर्यंत दुकानं बंद आणि मेट्रोही दुपारनंतरच सुरू होत असे, तेव्हा काही राहिलं तर आणायची सोय नव्हती. चरबीचा थर मंदारने काढला, पातळसा पदर ठेवून. मीठ किती घालायचं हा प्रश्नच नव्हता. चाखणार नसले तरी माझ्याकडे काटा होता. मांस तोललं, हिशेबाने मीठ तोललं, मिरपूड आणि आपला काळा मसाला चोळला. इथवर मी स्वतःवर खूश होते.

मग वाचलं होतं त्याप्रमाणे आधी तव्यावर दोन्ही बाजूंनी लाल करायला घेतलं. मोठ्या आचेवर काळ्या मसाल्याचं काय होतं हे कुठल्याही मराठी बाईला सांगायला नको. मला त्या क्षणी आठवलं नाही. आधी मला ठसका लागला, मग मंदारला, मग दाराबाहेर कोणीतरी खोकलं, आणि मग आगीची सूचना देणारा भोंगा सुरू झाला. आमच्या खोलीतला नाही. आख्ख्या इमारतीचा.

सुट्टीच्या सकाळी सहा मजल्यांची माणसं रात्रीच्या कपड्यांत जिन्याने खाली आली. लेकरं कडेवर, एकाच्या हातात मांजर. मी मध्ये उभी, नाकाला ओढणी, हातात उलथनं. एका वयस्कर इजिप्शियन गृहस्थांनी काळजीने विचारलं, "फायर?"

"मसाला," मी म्हणाले.

त्यांनी ते सगळ्यांना अरबीत सांगितलं. कोणी हसलं नाही, त्याचं जास्त वाईट वाटलं. वॉचमनने वर जाऊन खात्री केली, भोंगा बंद केला आणि हिंदीत म्हणाला, "मॅडम, बिर्याणी वाले भी इतना नहीं करते." मंदार मात्र भिंतीला टेकून हसत होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते पाणी मसाल्याचंही असेल.

वर येऊन जळकी बाजू खरवडली, खोल भांड्यात कांद्याचा जाड थर, टोमॅटो, लसूण आणि सूकमधून आणलेली दोन काळी सुकी लिंबं घातली. लुमी म्हणतात त्यांना, आंबट आणि थोडी धुरकट. त्यावर तुकडा, तळाला दोन-तीन बोटं पाणी, वर फॉइल घट्ट. बुटांची खोकी बेडखाली गेली आणि ओव्हन पहिल्यांदा मंद आचेवर लागला.

तीन तासांनी मी जेवायचा काटा टोचून पाहिला. काटा वाकला. मांस नाही.

"आच वाढवते," मी म्हणाले.

"नको, ताई. बाहेरून कोरडं होईल आणि आत तसंच राहील. वेळ लागू दे."

"संध्याकाळी लोक येणार आहेत, मंदार."

"येऊ दे. बस इथे."

आयुष्यात पहिल्यांदा तो मला 'बस' म्हणाला आणि मी बसले. दुपारभर आम्ही ओव्हनसमोर जमिनीवर बसून पत्ते खेळलो. मी पाणी वाढवायला उठले की तो झाकण उघडू द्यायचा नाही. पाचच्या सुमाराला पुन्हा काटा टोचला तेव्हा तो लोण्यात जावा तसा आत गेला. मी मंदारकडे बघितलं. तो जळलेल्या तव्याकडे बघत म्हणाला, "हा आपण डॅरिलला दाखवायचा नाही."

संध्याकाळी डॅरिल आला, मंजिरीवहिनी आणि ईरा आल्या. वहिनींचे यजमान ड्यूटीवर होते. वहिनी चिकनच्या पुढे जात नाहीत, म्हणून आम्हा दोघींसाठी मी आमटी-भात केला होता. लोह असलेलं जेवण म्हणून सगळ्यांना लिंबू पिळलेली कोशिंबीर. चहाला मनाई केली. डॅरिलला मी आधीच सांगून टाकलं की गाडीतलं माझं भाषण दुसऱ्या भागांबद्दल खरं होतं, याच्याबद्दल अर्धंच. तो म्हणाला, "मला तेव्हाच कळलं होतं. आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. पण तू इतकी रंगली होतीस की मध्ये बोलावंसं वाटलं नाही."

मग मी सुरी घेऊन तुकडे करायला लागले. धाग्यांच्या दिशेने. लांबच लांब दोऱ्या निघाल्या. डॅरिलने कापायची फळी काटकोनात फिरवली. आडवं कापल्यावर धागे तुटले आणि फोडी सुरेख पडल्या. त्याने एक घास घेतला आणि सावकाश चावत राहिला. मला वाटलं मीठ चुकलं.

"माझ्या आईकडे असं नव्हतं," तो म्हणाला. "तिखट नव्हतं. पण मऊ असंच."

मंदारने दुसऱ्यांदा वाढून घेतलं, मग तिसऱ्यांदा. रस्स्यात खबूस बुडवून खात होता. मी त्याच्या गालांकडे बघत होते, जणू ते लगेच भरणार होते. तेवढ्यात डॅरिल मला म्हणाला, "हा तिकडे कॅनडात, एडमंटनला आला की हे महिन्यातून एकदा तरी व्हायलाच हवं. आमच्या कंपनीने याला घेतलं हे चांगलं झालं. आता तूही ये एकदा."

मंदारचा हात ताटात तसाच थांबला. वहिनी एकदम ईराला पाणी देऊ लागल्या, तिने मागितलं नव्हतं. डॅरिलने आमच्या तोंडांकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. "तिला माहीत नव्हतं," तो हळूच म्हणाला.

मी म्हणाले, "आणखी वाढू?" आणि उरलेला तुकडा कापत राहिले. आडवा, नीट. एकेक फोड कापताना सातपूरची नोकरी आणि आईला दिलेला शब्द आठवत होते. पाहुणे जाईपर्यंत मी हसतमुख राहिले. नंतर भांडी घासायला घेतली आणि मंदारला म्हणाले, उद्या बोलू.

शनिवारी त्याने सुट्टी घेतली आणि मला अल थुमामाला, त्याच्या स्टेडियमकडे घेऊन गेला. स्टेडियम आतून दाखवता येणार नव्हतं, पण कुंपणाबाहेरून दिसतं. इथले पुरुष डोक्याला जी विणलेली गोल टोपी घालतात तिच्या आकाराचं आहे. तेव्हा अर्धवट होतं, एका बाजूने टोपी, दुसऱ्या बाजूने लोखंड. गॅरेजमधून परत आलेली त्याची गाडी लावून आम्ही बॉनेटला टेकून उभे राहिलो.

"कधीपासून ठरलंय?" मी विचारलं.

"तीन-चार महिने."

"आणि आम्हाला सांगायचं नव्हतं?"

"रोज ठरवायचो की आज सांगू. मग फोन लागला की आई विचारायची काय जेवलास, तू विचारायचीस काय जेवलास, भाजी होती का, पाणी किती प्यायलास. उत्तरं देऊन होईपर्यंत फोन संपायचा. आणि ते मनात घेऊन घास उतरायचा नाही."

"मग काय विचारायला हवं होतं आम्ही?"

त्याने बुटाने वाळू सारली. "तू इथे येऊन इतके दिवस झाले," तो म्हणाला. "मी इथे काय करतो हे तू विचारलं नाहीस, ताई."

मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला खरंच माहीत नव्हतं. एसीचं काहीतरी, एवढंच मी लोकांना सांगत आले होते. म्हणून मी विचारलं. काय करतोस?

त्यानंतर तासभर माझा भाऊ बोलत होता. उघड्या छताच्या स्टेडियममध्ये गारवा टिकतो कसा, ते तो सांगत होता. गार हवा जड असते, खाली राहते. म्हणून ती वरून सोडायची नाही, प्रेक्षकांच्या खुर्च्यांखालून, पायांशी, हळूच सोडायची. जोरात सोडली तर माणूस गारठतो, कमी सोडली तर घामाघूम होतो. ती हवा खाली साचते, तीच परत ओढून घेऊन पुन्हा थंड करायची. त्याच्याकडे एका बाजूच्या रांगांचं काम होतं. वाळूत बोटाने रेघा मारून त्याने मला नळ कुठून कुठे गेलेत ते दाखवलं. मध्येच एक चूक झाली होती, ती त्याने कशी शोधली, मग वरिष्ठाने सगळ्यांसमोर त्याचं नाव घेतलं. हे सगळं वर्षभर त्याच्याजवळ पडून होतं आणि आम्ही भाजीची चौकशी करत होतो.

"एडमंटनला जायचंच का?" मी शेवटी विचारलं.

"जायचंच आहे."

सातपूरचं मी त्याला सांगितलं, कारण लपवाछपवी घरात एकाने केली तेवढी पुरे. तो म्हणाला, "माझ्या वतीने त्यांचे आभार मान." मग थोडा घुटमळला. "आईला तू सांगशील?"

"नाही. तूच सांग. मी तिच्या शेजारी बसेन."

उरलेले दिवस आम्ही मजेत घालवले. ॲस्पायरच्या बागेत तळं आहे आणि खरं हिरवं गवत आहे, तिथे सकाळी चालायला जा. मंदार स्वतःहून भूक लागली म्हणायला लागला. जायच्या आदल्या दिवशी मी उरलेल्या ब्रिस्केटचे बारीक तुकडे करून त्याला कांद्यावर परतून दिले, चटकन, भोंगा न वाजवता. विमानतळावर डॅरिल सोडायला आला होता. त्याला मी काळ्या मसाल्याची पुडी दिली आणि तव्यावर नको, एवढं तीनदा सांगितलं.

नाशिकला पोचल्यावर रविवारी मंदारचा फोन आला. यावेळी त्याने फोन समोर धरला होता. त्याने आईला सगळं सांगितलं, मी शेजारी बसले होते. आई ऐकत राहिली. "बरं," एवढंच म्हणाली आणि देवघरात जाऊन वाती वळत बसली. तीन दिवस तिने तो विषय काढला नाही, मी कसलं मांस शिजवलं तेही विचारलं नाही. मी गव्यापासून सुरुवात करून एक लांबलचक उत्तर तयार ठेवलं होतं, ते वाया गेलं.

या सहलीतून माझ्याजवळ काय राहिलं, असं विचाराल तर एक सवय. इस्पितळात नवा पेशंट आला की मी आधी विचारते, काम काय करता? मग जेवणावर येते. परवा एका बसचालकाने घाटातल्या वळणांबद्दल अर्धा तास सांगितलं. बाहेरची रांग वाढली आणि नर्सने दोनदा डोकावून पाहिलं. पोषणाच्या दृष्टीने याचा काय फायदा हे मला अजून सांगता येत नाही. मात्र बायसन आता मला तक्त्याबाहेरही माहीत आहे, आणि कोणी पुन्हा 'कसं शिजवायचं' विचारलं तर मी आत्मविश्वासाने म्हणेन की सुट्टीच्या दिवशी नको.

मंदारच्या त्या फोननंतर चौथ्या संध्याकाळी आई स्वयंपाकघरात मटार सोलत होती. मी समोर बसून सोलू लागले. वाटी अर्धी भरल्यावर ती म्हणाली, "तिकडेसुद्धा थंड हवेचंच काम का?"

"नाही. तिकडे उलटं. बाहेर बर्फ असतो, आत ऊब ठेवायची. एका इस्पितळाचं काम आहे म्हणाला."

"आजारी माणसांना ऊब द्यायची."

"हो."

तिने हातातली शेंग सोलून दाणे वाटीत टाकले, सालं गोळा केली, पदराला हात पुसले.

"फोन लाव त्याला," ती म्हणाली. "मला विचारायचंय, ती ऊब भिंतीतून नेतात की जमिनीखालून."